गल्लीतली बातमी, व्हाया कोल्हापूर

लोकल केबल चॅनेल अॅनालॉगवरून (बॉक्सशिवायचं जुनं केबल) डिजिटलवर (सेट टॉप बॉक्सचं केबल) जाताना नक्की काय काय होतं हे आमच्यासारखं छोटं चॅनेल चालवणाऱ्यांपैकी कुणी सविस्तर लिहिलेलं मला कधी वाचायला मिळालं नाही, म्हणून मीच लिहितेय. पंचगंगेकाठचं नगरपालिकेचं गाव, आजूबाजूची खेडी, आणि तेवढ्यापुरतं केबलवरचं एक चॅनेल. रोज संध्याकाळी बातम्या, दिवसभर जाहिराती, खाली स्क्रोल (सरकती पट्टी), गणपती विसर्जन आणि मतमोजणी लाइव्ह. मी तिथं निवेदिका म्हणून लागले, पण माणसं मोजकी असल्यामुळं एडिटिंग, स्क्रोल, जाहिरातींचं शेड्यूल, सरकारी पत्रव्यवहार असं एकेक करत सगळंच माझ्याकडं आलं, त्यामुळं हा सगळा बदल मी आतून बघितलाय.

आधी अॅनालॉगच्या वेळचं सांगते कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कंट्रोल रूम म्हणजे आमच्या दादांच्या (चॅनेलचे मालक, केबल ऑपरेटरपण तेच) घराच्या गच्चीवरची खोली. वर डिश, खाली रॅकमध्ये रिसीव्हर आणि प्रत्येक चॅनेलला एक मॉड्युलेटर, म्हणजे चित्र-आवाज केबलच्या वायरीतून जाईल असा सिग्नल करणारं यंत्र. त्यातलाच एक मॉड्युलेटर आमचा. आमच्या कॉम्प्युटरमधून पिवळी-पांढरी पिन निघायची ती थेट त्या मॉड्युलेटरमध्ये, तिथून कम्बायनर (सगळी चॅनेलं एका वायरीत आणणारा), अॅम्प्लिफायर (सिग्नल वाढवणारा), आणि खांबाखांबावरून काळी वायर घरात. बास. मी इथं बटण दाबलं की त्याच क्षणाला बाजारपेठेतल्या टीव्हीवर चित्र. मध्ये कोणी नाही, कुणाची परवानगी नाही, कुणाला भाडं नाही. पावसात एखाद्या खांबावरचा अॅम्प्लिफायर गेला तर तेवढ्या गल्लीचं चित्र जायचं आणि लाइनमन अण्णा शिडी घेऊन निघायचे.

त्या मॉड्युलेटरला व्हिडिओ लेव्हलचा एक छोटा स्क्रू होता. तो जरा जास्त फिरला की स्क्रीनवर मोठी पांढरी अक्षरं आली रे आली की आवाजात घुर्रर्र सुरू व्हायचं, अक्षरं गेली की घुर्र बंद. मला सुरुवातीला वाटायचं माइक खराब आहे. अण्णांनी शिकवलं की पांढरा रंग म्हणजे सिग्नलचं टोक, ते मर्यादेबाहेर गेलं की चित्र आवाजात घुसतं. तेव्हापासून आमच्या सगळ्या पट्ट्यांची अक्षरं शुभ्र पांढरी न ठेवता किंचित राखाडी ठेवायची सवय लागली. अशा गोष्टी कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत, त्या अण्णांसारख्या माणसांकडूनच कळतात आणि त्या माणसांचं नाव कधी स्क्रीनवर येत नाही, म्हणून इथं मुद्दाम लिहिलं.

बातम्यांचं म्हणाल तर आमची सगळ्यात जास्त बघितली जाणारी गोष्ट निधनवार्ता होती आणि आजही आहे. शहरातल्या लोकांना हे विचित्र वाटेल. पण गावात कोण गेलं आणि रक्षाविसर्जन कधी आहे हे वेळेत कळणं फार महत्त्वाचं असतं, शेतावर असलेल्या माणसाला, माहेरी आलेल्या बाईला, मिलमधून रात्री सुटणाऱ्या माणसाला. त्यामुळं त्याची पद्धत मी फार कडक ठेवली. नुसता निरोप आला म्हणून लावायचं नाही. घरातल्या माणसाशी फोनवर बोलायचं, पूर्ण नाव, वय, गल्ली, मागं कोण कोण आहे, रक्षाविसर्जनाची वेळ, हे लिहून घ्यायचं, परत वाचून दाखवायचं आणि मगच लावायचं. आडनाव एक अन् गल्ली चुकली तर जिवंत माणसाच्या दारात लोक येऊन उभे राहतील. मोठ्या चॅनेलनं चूक केली तर ती स्टुडिओपासून शेकडो किलोमीटरवर असते, आमची चूक सकाळी दूध आणायला गेल्यावर भेटते.

तर डिजिटल. केबल कायद्यात (१९९५ चा) २०११ मध्ये दुरुस्ती झाली आणि टप्प्याटप्प्यानं सगळा देश सेट टॉप बॉक्सवर आणायचं ठरलं. पहिला टप्पा दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, ३१ ऑक्टोबर २०१२. दुसऱ्यात ३८ शहरं, ३१ मार्च २०१३. तिसऱ्यात उरलेली सगळी शहरी गावं, म्हणजे आम्ही, मुदत ३१ डिसेंबर २०१५. ती मुदत प्रत्यक्षात पुढं पुढं सरकत गेली, पण जायचं हे नक्की होतं. आम्ही पुण्याचं आणि सोलापूरचं बघत होतो, ते दुसऱ्या टप्प्यात होते, आणि तिथल्या ओळखीच्या लोकांना फोन करून विचारायचो की बाबांनो तुमच्या लोकल चॅनेलचं काय झालं. उत्तरं ऐकून पोटात गोळा यायचा. काहींनी चॅनेल बंदच केलं होतं.

का बंद केलं? याचं कारण तांत्रिक आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. डिजिटलमध्ये सगळी चॅनेलं एका ठिकाणी, एमएसओच्या (आमच्यासारख्या लोकल केबलवाल्यांना चॅनेलं पुरवणारा मोठा केबलवाला) हेडएंडला, म्हणजे मुख्य केंद्राला, एकत्र करून, एनक्रिप्ट करून म्हणजे कुलूपबंद करून पाठवली जातात. बॉक्स फक्त त्या हेडएंडवरून आलेलं आणि बॉक्समधल्या कार्डाला परवानगी असलेलंच उघडतो. म्हणजे आमच्या गच्चीवरच्या खोलीत आता मॉड्युलेटरला कामच नाही, ती खोली म्हणजे फायबर येऊन पुढं वाटला जाण्याची एक जागा. मग आमचं चॅनेल घराघरांत जायचं कसं, तर आम्ही आमचं चित्र इथून फायबरनं कोल्हापूरला हेडएंडला पाठवायचं, तिथं ते बाकीच्या चॅनेलांत मिसळून एनक्रिप्ट होणार, आणि परत फायबरनंच आमच्या गावात येणार. गल्लीतली बातमी जिल्ह्याला जाऊन परत गल्लीत. आणि या येण्याजाण्याचं भाडं आम्हीच भरायचं.

इथं दादांचा खरा कस लागला. एमएसओबरोबर बैठका झाल्या, त्यांचं म्हणणं होतं की जागा मर्यादित आहे, लोकल चॅनेलला कशाला. त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. केबलवर ८ मेगाहर्ट्झचा एक कॅरियर म्हणजे सिग्नलचा एक पट्टा असतो, ६४ क्वामवर (सिग्नलमध्ये माहिती भरायची एक पद्धत) त्यात साधारण ३८ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ३८ मेगाबिट माहिती मावते, आणि तेवढ्यात पंधरा-वीस चॅनेलं बसवायची असतात. प्रत्येकाला वाटा हवा. सिरियलवाल्या, क्रिकेटवाल्या चॅनेलला चांगला वाटा मिळणार, आम्हाला उरलेला. दादांनी त्यांना एकच गोष्ट दाखवली, गावात बॉक्स लावायला लोक तयार नव्हते, खर्च करायचा नव्हता, आणि त्यांना बॉक्स घ्यायला लावणारी गोष्ट म्हणजे गावाच्या बातम्या. गावाच्या बातम्या बॉक्सवर दिसणार नसतील तर लोक डीटीएचची छत्री लावतील, मग ना तुम्ही ना आम्ही. हे पटलं. करार झाला, लेखी झाला, आणि लेखी करून घेण्याचा आग्रह माझा होता याचं मला समाधान आहे कारण पुढं तोच कागद उपयोगी पडला.

मग बॉक्स लावायचं काम. हा भाग मला सगळ्यात आवडला खरं तर. ऑपरेटरची पोरं बॉक्स लावून जायची पण म्हाताऱ्या माणसांना आमचं चॅनेल सापडायचंच नाही. आधी टीव्हीच्या रिमोटवर वर-खाली करत गेलं की आपोआप यायचं, आता तीन आकडी नंबर, दोन रिमोट, आणि टीव्ही 'एव्ही'वर पाहिजे. फोनवर फोन. एक आज्जी मला रोज फोन करून म्हणायच्या, "अगं पोरी, टीव्हीत आमचं गावच दिसंना झालंय की!" शेवटी आम्ही पांढऱ्या चिकटपट्टीवर काळ्या मार्करनं चॅनेलचा नंबर लिहून ती पट्टी बॉक्सच्या कपाळावर लावायला सुरुवात केली, पोरांना सांगितलं की पट्टी लावल्याशिवाय घरातून निघायचं नाही. संध्याकाळी मी स्वतः काही गल्ल्यांत जायचे, बॉक्स लावलेल्या घरात बसून बायकांना शिकवायचे, आधी हा रिमोट, मग तो, मग हे तीन आकडे. चहा व्हायचा, बातम्याही मिळायच्या. नळाला पाणी कुठल्या गल्लीत किती दिवसाआड येतं हे मला नगरपालिकेपेक्षा या बायकांकडून नीट कळलं आणि त्यातूनच आमचं पाण्याच्या वेळांचं रोजचं स्क्रोल सुरू झालं.

चित्राचे प्रॉब्लेम मात्र नवे सुरू झाले. घुर्रर्र गेलं, मुंग्या गेल्या, पण आता हालचाल जास्त झाली की चित्राचे चौकोन पडायला लागले. पहिलं विसर्जन लाइव्ह दाखवलं तेव्हा गुलाल उधळला की सगळी स्क्रीन लाल ठोकळ्यांची. कारण उघड आहे, गुलालात प्रत्येक फ्रेममध्ये प्रत्येक बिंदू बदलतो आणि आमच्या वाट्याला जेमतेम २ एमबीपीएस. हेडएंडला विनवण्या केल्या, थोडं वाढवून मिळालं, पण मुख्य उपाय आमच्याकडंच करावे लागले. कॅमेरामनला सांगितलं, गुलालाच्या मधोमध शिरू नको, जरा लांबून ट्रायपॉडवर धर, पॅन सावकाश कर. स्क्रोलचा वेग कमी केला, मागं पारदर्शक पट्टीऐवजी गडद निळी ठोस पट्टी टाकली, लाल अक्षरं पूर्ण बंद, कारण डिजिटलमध्ये रंगाची माहिती आधीच निम्म्याहून कमी करून पाठवतात आणि लाल अक्षरांच्या कडा त्यात पार विरघळतात. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधले बारीक फॉन्ट काढून जाड घेतले. ज्यांना कुणाला असं चॅनेल चालवायचंय त्यांनी स्टुडिओतल्या मॉनिटरवर खूश होऊ नका, एक स्वस्तातला बॉक्स आणि जुना टीव्ही ऑफिसात कायम लावून ठेवा आणि ग्राफिक त्याच्यावर बघूनच पास करा. हे आमच्याकडं आजही चालतं.

दुसरी गोष्ट म्हणजे उशीर. इथून निघालेलं चित्र एनकोड होऊन (दाबून डिजिटल होऊन), कोल्हापूरला जाऊन, परत येऊन बॉक्समध्ये उघडेपर्यंत काही सेकंद जातात. मतमोजणीच्या दिवशी हे फार जाणवतं, मोजणी केंद्राबाहेर फटाके आधी वाजतात आणि टीव्हीवर फेरीचा आकडा नंतर येतो. त्याला इलाज नाही. आम्ही एवढंच ठरवलं की आकडा अधिकाऱ्यांनी जाहीर केल्याशिवाय लावायचा नाही, मग फटाके वाजू देत नाहीतर ढोल.

निवडणुकीचं निघालंच आहे तर जाहिरातींचं सांगते, कारण यात छोटी चॅनेलं अडकतात. राजकीय जाहिरात केबलवर लावायची तर आधी एमसीएमसी म्हणजे माध्यम प्रमाणन समितीचं सर्टिफिकेट लागतं, सुप्रीम कोर्टाच्या १३ एप्रिल २००४ च्या आदेशापासून ही पद्धत आहे. पक्षांनी आणि उमेदवारांनी प्रसारणाच्या किमान ३ दिवस आधी अर्ज करायचा, इतरांनी ७ दिवस आधी, जाहिरातीच्या दोन प्रती आणि साक्षांकित संहिता जोडायची. मतदान संपण्याच्या आधीचे ४८ तास प्रचार बंद. उमेदवाराचे कार्यकर्ते रात्री पेनड्राइव्ह घेऊन येतात, "ताई, उद्या सकाळपासून फिरवा, कागद नंतर देतो." ओळखीची पोरं असतात, कोण भावाचा मित्र, कोण शेजारचा. दादांनी मला पहिल्यापासून मोकळीक दिली होती की कागद नाही तर नाही, आणि मी प्रत्येक जाहिरातीच्या फाइलच्या नावातच सर्टिफिकेट नंबर टाकते. नंबर नसेल तर फाइल शेड्यूलमध्ये घेतच नाही. त्यावरून बोलणी खाल्ली आहेत पण जिल्ह्यावरून विचारणा आली तेव्हा सगळी यादी पाच मिनिटात पाठवली.

आता २०१९ चा ऑगस्ट. आमच्या भागातल्या कुणालाही हे दोन शब्द पुरेत. पंचगंगेची पातळी आमच्याकडं राजाराम बंधाऱ्यावरून सांगतात, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पावसाळ्यात आमच्या स्क्रोलची पहिली ओळ हीच असते, राजाराम बंधारा इतके फूट इतके इंच, वेळ अमुक. दुसरी ओळ राधानगरी धरणाची, सात स्वयंचलित दरवाज्यांपैकी कुठले उघडले. एक दरवाजा म्हणजे १४२८ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी), हे इथल्या शाळकरी पोरांनापण पाठ असतं, लोक दरवाजे मोजून मनात हिशोब करतात की आपल्या दारात पाणी कधी येईल. त्या वर्षी पातळी ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, सबस्टेशनं पाण्यात, लाइट बंद.

आणि नेमकं तेव्हा आमचं चॅनेल गेलं. खालच्या गल्ल्यांत लाइटच नव्हती ते ठीक, पण वरच्या भागात लाइट होती, टीव्ही चालू होते, बाकीची काही चॅनेलं येत होती आणि आमचं नाही, कारण आमचं चित्र कोल्हापूरला नेणारं फायबर वाटेत तुटलं होतं. आमच्या ऑफिसपासून हाकेच्या अंतरावरच्या घरात आमचा आवाज पोचेना. अॅनालॉग असतं तर पोचला असता. डिजिटल वाईट असं मी म्हणत नाही, चित्र चांगलं झालं, चोरीची कनेक्शनं कमी झाली, पण गावाच्या चॅनेलचा रस्ता गावाबाहेरून गेला की गावावर संकट येतं तेव्हाच तो तुटतो, हे ठरवणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. अशा चॅनेलांना आणीबाणीत स्थानिक पातळीवर सिग्नल टाकायची सोय कायद्यानंच द्यायला पाहिजे.

मग आम्ही काय केलं, तर मोबाइलवर. जोपर्यंत टॉवर चालू होते तोपर्यंत फेसबुक लाइव्ह, नंतर नेट इतकं रडायला लागलं की व्हिडिओ जाईना, म्हणून फक्त आवाज. व्हॉट्सअॅपवर एक-एक मिनिटाची क्लिप. यात एक नियम आम्ही पहिल्या दिवशीच केला आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो, प्रत्येक क्लिपची सुरुवात वार, तारीख आणि वेळेनं करायची. "आज बुधवार, ७ ऑगस्ट, सकाळचे नऊ वाजलेत." कारण क्लिप फिरत राहते, कालची आज कुणाला तरी मिळते, आणि कालची पातळी आजची समजून माणूस घरात थांबला तर? शेवटीपण सांगायचं की पुढची क्लिप बारा वाजता येईल, त्याआधी आमच्या नावानं काही आलं तर ते आमचं नाही. हे शेवटचं वाक्य उपयोगी पडलं, कारण धरण फुटल्याचे मेसेज फिरायला लागले होते. लोक घाबरून फोन करायचे, "ताई, खरं हाय का ओ?" मी पाटबंधारेच्या कार्यालयात फोन लावायचे, विसर्ग किती, दरवाजे किती उघडे, हे विचारून घ्यायचे आणि आकड्यांसकट क्लिपमध्ये सांगायचे. नुसतं 'अफवांवर विश्वास ठेवू नका' म्हणून कुणी ऐकत नाही, आकडा सांगितला की ऐकतात, कारण आकड्याचा हिशोब त्यांना स्वतःला येतो.

क्लिपमध्ये दुसरं काय असायचं, तर कुठल्या शाळेत निवारा केंद्र आहे आणि तिथं जागा आहे का, बोट कुठल्या बाजूनं लागतेय, जनावरांना चारा कुठं मिळतोय, इन्शुलिन कुठल्या मेडिकलमध्ये शिल्लक आहे. इन्शुलिनचं एका मावशींनी फोन करून सुचवलं, मला सुचलं नव्हतं. अण्णा ट्रॅक्टरवर बसून शाळाशाळांत जाऊन यायचे, यादी घेऊन यायचे, आणि मी वाचायचे. मी इतकी वर्षं बातम्या वाचल्या पण माझा आवाज त्या आठवड्यात जेवढा कामाला आला तेवढा आधी कधी आला नव्हता.

पूर ओसरल्यावर आम्ही बरंच बदललं. जनरेटर तळमजल्यावरून वर नेला. एनकोडरला वेगळा यूपीएस. हेडएंडला जायला दुसरा मार्ग, इंटरनेटवरून, म्हणजे मुख्य फायबर गेलं तर तिकडच्या डिकोडरवर दुसरी लाइन घेता येईल अशी सोय एमएसओकडून करून घेतली, तीही लेखी. यूट्यूब चॅनेल नियमित सुरू केलं. २०२१ च्या जुलैमध्ये परत पूर आला तेव्हा आमचं चित्र मधूनमधून अडखळलं पण पूर्ण गेलं नाही.

यानंतरचा टप्पा कागदांचा. ३० नोव्हेंबर २०२२ ला माहिती व प्रसारण मंत्रालयानं प्लॅटफॉर्म सर्व्हिसची मार्गदर्शक तत्त्वं काढली. प्लॅटफॉर्म सर्व्हिस म्हणजे आम्हीच, केबलवाल्याचं स्वतःचं चॅनेल, ज्याला सॅटेलाइट चॅनेलसारखं वेगळं लायसन्स नसतं. तोपर्यंत आम्ही तसे अधांतरीच होतो. आता नोंदणी एमएसओनं ऑनलाइन करायची, एका चॅनेलला एकदाच १००० रुपये. एमएसओच्या एकूण क्षमतेच्या ५ टक्क्यांपर्यंतच अशी चॅनेलं. स्थानिक बातम्या द्यायच्या तर एमएसओ कंपनी म्हणून नोंदलेला हवा, प्रोप्रायटरी फर्म चालणार नाही. स्क्रीनवर 'प्लॅटफॉर्म सर्व्हिस' असं लिहायचं. आणि सगळ्या कार्यक्रमांचं ९० दिवसांचं रेकॉर्डिंग ठेवायचं.

रेकॉर्डिंगची लोकांना उगाच भीती वाटते म्हणून हिशोब देते. २ एमबीपीएसनं चोवीस तास रेकॉर्ड केलं तर दिवसाला साधारण २२ जीबी, ९० दिवसांचे २ टीबी. एक ४ टीबीची डिस्क आणि तिची एक कॉपी, झालं. फक्त फाइलचं नाव तारखेनं द्या, तासातासाचे तुकडे करा, आणि ९० व्या दिवशी आपोआप पुसू नका, एखादी तक्रार चालू असेल तर तो भाग बाजूला काढून ठेवा. आमच्याकडं एका बांधकामाच्या बातमीवरून तक्रार झाली होती, आम्ही रेकॉर्डिंग काढून दाखवलं की दोन्ही बाजू घेतल्या आहेत, विषय तिथंच मिटला. मला तर वाटतं हा नियम आधीच यायला पाहिजे होता, छोट्या चॅनेलला त्याचा जाचापेक्षा आधारच जास्त आहे.

त्रास झाला तो दुसऱ्या नियमाचा. एका एमएसओचा प्लॅटफॉर्म सर्व्हिसचा कार्यक्रम दुसऱ्या वितरकाला देता येत नाही, थेट नाही आणि आडवळणानंही नाही. आमच्या गावात दोन नेटवर्क आहेत, नदीकडचा भाग आणि पेठ आमच्याकडं, स्टँडच्या पलीकडचा भाग दुसऱ्याकडं. आम्ही दोघांनाही फीड देत होतो, गाव एकच आहे ना. तो नियम आला आणि स्टँडच्या पलीकडं आमचं चॅनेल बंद करावं लागलं. यामागचा विचार मला कळतो, प्लॅटफॉर्म सर्व्हिसच्या नावाखाली कुणी मागच्या दारानं राज्यभराचं चॅनेल चालवू नये म्हणून तो नियम आहे. पण एका नगरपालिकेच्या हद्दीतल्या बातम्यांना हा नियम लावणं बरोबर नाही असं माझं ठाम मत आहे. हद्दीपुरती सूट द्यावी असं पत्र आम्ही एमएसओमार्फत वर पाठवलंय, त्याचं उत्तर अजून यायचंय.

तोपर्यंत पलीकडच्या भागासाठी बातम्या रोज साडेआठला यूट्यूबवर टाकतो, आणि तिकडच्या निधनवार्ता, पाण्याच्या वेळा, शाळांच्या बातम्या आम्ही बुलेटिनमधून काढलेल्या नाहीत, त्यांचे नातेवाईक अलीकडं राहतात आणि अलीकडच्यांची पोरं पलीकडच्या शाळेत जातात. तिकडं आमचा बातमीदार रोज जातो. मेमध्ये दुसऱ्या मार्गाची चाचणी घ्यायची आहे, मुख्य फायबर मुद्दाम काढून बघायचं की किती सेकंदात चित्र परत येतंय, आणि जूनच्या आधी पाटबंधारे, तहसील, महावितरण, सगळ्यांचे बदललेले फोन नंबर भिंतीवरच्या तक्त्यावर नव्यानं लिहायचे आहेत.